मुक्कामी गाडी

गडचिरोली जिल्ह्याचा विस्तार १४,४१२ चौरस किलोमीटर. एवढ्या मुलखात पिढ्यानपिढ्या रेल्वेचं स्टेशन एकच राहिलं, जिल्ह्याच्या उत्तर भागात, वडशाला. गावाचं सरकारी नाव देसाईगंज, स्टेशनवरची पाटी वडसा. आणि इथल्या झाडीपट्टी नाटकांची राजधानी कोणती असं विचाराल, तर तीही वडसाच. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. नाटक जिथं जमतं तिथं आधी माणसं जमायला हवीत, आणि माणसं जमायला गाडी हवी.

गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्टकडं जाणारी ही लाइन बंगाल नागपूर रेल्वेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकली. रूळ अडीच फुटी. जंगलातला माल आणि झाडीतला तांदूळ बाहेर काढणं हा तिचा उद्देश. माणसांची ने-आण हे त्यासोबत आलेलं काम. पण माणसांनी ती गाडी आपलीशी केली. मूल, राजोली, सिंदेवाही, तळोधी, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, अर्जुनी ही स्टेशनांची नावं या भागातल्या जुन्या माणसाला तोंडपाठ असतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात हा मार्ग रुंद झाला. नागभीडहून नागपूरला जाणारी फाट्याची छोटी गाडी मात्र २०१९ पर्यंत अडीच फुटी रुळांवरूनच धावत होती, आणि तिच्या डब्यात बसून नागपूरच्या इतवारीत उतरलेली एक अख्खी पिढी आज हयात आहे.

दिवाळी सरली, भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात, गावोगावच्या मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे जत्रा आणि बाजारही, आणि पाहुण्यांचा दिवस. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. रात्री नाटक असतं. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. वडशात नाटक मंडळांची कार्यालयं आहेत; हंगामाच्या आधी गावातली माणसं तिथं येतात, नाटक ठरवतात, तारीख बांधतात. कलावंत आसपासच्या गावांतले असतात तसे नागपूर, पुणे, मुंबईहूनही येतात. बाहेरून येणाऱ्याला सगळ्यात सोयीचं स्टेशन हेच. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे झाडीपट्टी कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्रातल्या अनेकांनी झाडीपट्टी रंगभूमीचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. त्याच्या लांबीला गाणी, लावण्या, विनोदी प्रवेश ही कारणं आहेतच. पण मला त्यात प्रवासाचाही हिशेब दिसतो. प्रेक्षक पूर्वी रेंगीत किंवा खासरात, म्हणजे बैलांच्या गाडीत बसून, किंवा पायी यायचा. मधे जंगल. मध्यरात्री नाटक संपलं तर परतणार कसा? उजाडेपर्यंत खेळ चालला तर पहिली गाडी मिळते आणि वाटही दिसते. वाघाची भीती आजही गोष्टीतली नाही. २०२२ मध्ये वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडाऱ्याच्या जंगलपट्ट्यात एका नर वाघानं इतकी माणसं मारली की त्याला वन खात्यानं पकडेपर्यंत गावांनी संध्याकाळी घराबाहेर पडणं सोडलं होतं. अशा मुलखात करमणुकीची वेळ ठरवताना परतीच्या गाडीचा विचार झाला नसेल, हे मला पटत नाही.

आता रेल्वे सोडून रस्त्यावर येऊ, कारण वडशाच्या पुढं दक्षिणेला सिरोंचापर्यंत जे काही आहे ते रस्त्यावरच आहे.

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, तेव्हा मुंबई प्रांतात नव्हता. तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. इकडची सरकारी मोटार वेगळ्या व्यवस्थेची, प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेसची. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि ही सेवा मुंबईच्या महामंडळात विलीन झाली. महाराष्ट्र झाल्यावर तिचं नाव बदललं आणि घराघरात ती 'एस.टी.' म्हणून रुजली. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. आज चंद्रपूर विभागात चंद्रपूर, राजुरा, वरोरा आणि चिमूर अशी आगारं आहेत. गडचिरोली विभागात गडचिरोली, अहेरी आणि ब्रह्मपुरी. ब्रह्मपुरी गाव चंद्रपूर जिल्ह्याचं, पण आगार गडचिरोली विभागाचं. एस.टी.चा नकाशा महसुलाच्या नकाशाप्रमाणं चालत नाही, माणसं जिकडं जातात तिकडं जातो.

गडचिरोली विभागाची तीन आगारं म्हणजे काय, हे समजायला अंतरं डोळ्यासमोर आणावी लागतात. उत्तरेला कोरची छत्तीसगडच्या सीमेवर, दक्षिणेला सिरोंचा प्राणहितेच्या काठी. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या वर. बारा तालुके, त्यांतले एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, अहेरी इतके पसरलेले की तालुक्याच्या गावाला जाऊन त्याच दिवशी परतणं हा अनेकांसाठी मोठा बेत असतो. जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल. २०११ च्या जनगणनेत साऱ्या जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. म्हणजे गावं लहान, विखुरलेली, आणि प्रत्येक गावाला गाडी नेणं महामंडळाच्या हिशेबात न बसणारं. त्यातूनच या भागातली सगळ्यात महत्त्वाची सेवा उभी राहिली, ती मुक्कामी गाडीची.

मुक्कामी गाडी शहरातल्या वाचकाला कदाचित माहीत नसेल. आगारातून संध्याकाळी निघणारी शेवटची गाडी एखाद्या टोकाच्या गावी पोचते आणि तिथंच रात्र काढते. चालक आणि वाहक गावात झोपतात. सकाळी सहाच्या आसपास तीच गाडी पहिली गाडी म्हणून परत निघते. कागदावर हा इंधन वाचवण्याचा प्रकार आहे: रिकामी गाडी रात्री परत आणायची नाही, पहाटे रिकामी न्यायची नाही. गावाच्या बाजूनं पाहिलं तर त्यात फार मोठी गोष्ट दडलेली असते. गाडी रात्री गावात उभी असणं म्हणजे उद्या सकाळी नक्की जाता येणार याची खात्री. तालुक्याला तारीख असलेला शेतकरी, दवाखान्यात जाणारी बाळंतीण, परीक्षेचं पोरगं, सगळे त्या खात्रीवर झोपतात. दिवसा येऊन जाणारी गाडी कधी येते, कधी येत नाही. रात्री उभी असलेली गाडी डोळ्यांना दिसते.

चालक-वाहकाची रात्र कुठं जाते? ग्रामपंचायतीच्या खोलीत, शाळेच्या ओसरीवर, देवळात, आणि काहीच नसेल तर गाडीच्याच बाकांवर. दिवसभराची रोकड वाहकाच्या जबाबदारीवर, म्हणून पिशवी उशाखाली. मलेरियाचा मुलूख, म्हणून मच्छरदाणी सामानात हवीच. अनेक गावांत त्यांच्या जेवणाची सोय कुणा ना कुणा घरी ठरलेली असते, आणि वर्षानुवर्षं एकाच मार्गावर राहिलेला वाहक गावाच्या लग्नपत्रिकेच्या यादीत जातो. कोण आजारी, कुणाची पोर बारावीला, कुणाच्या घरी वाद, हे त्याला ठाऊक असतं. गाडी सुटायच्या वेळी एखादा रोजचा प्रवासी दिसला नाही तर तो हॉर्न द्यायला सांगतो. वेळापत्रकात अशा दोन मिनिटांसाठी जागा नसते, आणि तरीही ती दोन मिनिटं हीच सेवेची खरी किंमत आहे असं मी मानतो.

रेल्वे आणि बस यांची गाठ कशी घालावी ते स्वित्झर्लंडमध्ये दिसतं. तिथं १९०६ ला सुरू झालेल्या पोस्टाच्या पिवळ्या बसगाड्या डोंगरातल्या गावांना जातात. टपाल नेता नेता माणसं नेणं हा त्यांचा उगम. तिथली खरी करामत वेगळीच आहे. दरीतल्या स्टेशनवर रेल्वे पोचते तेव्हा बस तिची वाट पाहत उभी असते, आणि वेळापत्रकं दोघांची मिळून आखलेली असतात. वडशाला उतरलेल्या कुरखेड्याच्या किंवा कोरचीच्या माणसाला हे सुख अजून हमखास मिळत नाही. रेल्वे उशिरा आली की एस.टी. गेलेली असते. मग उरते काळी-पिवळी. जीपमध्ये आत माणसं, मागं माणसं, टपावर पोती. ती गरजेची आहे, तिला नावं ठेवणं सोपं आणि अन्यायाचं. पण ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि रात्र झाली की येत नाही.

एस.टी.मधून काय काय प्रवास करतं हे पाहायचं असेल तर पावसाळ्यात बसावं. श्रावणाच्या आधी-मागे जंगलातून सात्या निघतात, वारुळावर उगवणारे ते रानटी अळिंब. ते पळसाच्या किंवा सागाच्या पानांत बांधून बाया पहिल्या गाडीनं बाजाराला आणतात. दुपारपर्यंत मऊ पडतात, म्हणून पहिलीच गाडी हवी. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, त्याच दिवसांत येतात. थंडीत सीताफळं. उन्हाळ्यात मोहफूल, चार, टेंभरं. महिला सन्मान योजनेत १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं. टोपलीभर माल विकून हातात जे पडतं त्यातून तिकिटाचे पैसे वजा करणाऱ्या बाईसाठी हा बदल किती मोठा, हे तिला विचारावं. सकाळच्या गाडीत बायांची संख्या वाढलेली डोळ्यांना दिसते. त्याआधी २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना प्रवास मोफत झाला, म्हणजे गडचिरोली जिल्हा झाला त्याला बरोबर चाळीस वर्षं पुरी होत होती त्या दिवसापासून. त्यानंतर म्हातारी माणसं काम नसतानाही फिरू लागली, अशी कुरकूर काही ठिकाणी ऐकू येते. मला त्यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही. आयुष्यभर धानाच्या बांधीत वाकलेल्या माणसानं मार्कंड्याच्या देवळाला जावं, लेकीकडं जावं, चंद्रपूरच्या बाजारात बसून चहा प्यावा. प्रवास हा कामाचाच असला पाहिजे ही अट श्रीमंतांना कुणी घालत नाही.

गाडीत बसण्याची एक रीत असते. स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून आधी दुपट्टा आत जातो आणि जागा धरतो. दुपट्टा ठेवलेल्या जागेवर कुणी बसत नाही. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण पाळला जातो. आमदारांसाठी, स्वातंत्र्यसैनिकांसाठी, दिव्यांगांसाठी राखीव अशा पाट्या खिडकीवर रंगवलेल्या असतात. तीन माणसांच्या बाकावर चौथ्याला "का गा भाऊ, जागा हाये का?" विचारलं की सरकणं होतंच. कोंबडी पिशवीत, तोंड बाहेर. बियाण्याची थैली बाकाखाली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे चालकाच्या मागं, आणि मधल्या एखाद्या फाट्यावर गाडी न थांबताच गठ्ठा खाली पडतो, उचलणारा सायकल घेऊन उभाच असतो. तिकिटाचं यंत्र यायच्या आधी वाहकाजवळ पत्र्याचा डबा असायचा, त्यात रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या, आणि हातात छिद्र पाडायचा पंच. पंच दांडीवर टकटक वाजला की पैसे काढायचे. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. ही भाषा माडिया बोलणाऱ्याला, तेलुगू बोलणाऱ्याला, बंगाली बोलणाऱ्याला सारखीच कळायची. हो, बंगालीसुद्धा: मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत, आणि त्या रस्त्यावरच्या गाडीत बंगाली ऐकू येतं.

गडचिरोलीहून धानोऱ्याला जाणारी गाडी घ्या. जेमतेम चाळीस किलोमीटर. अर्ध्या वाटेत चातगावजवळ शोधग्राम लागतं, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं ठिकाण. १९८६ पासून त्यांचं काम या जिल्ह्यात चालू आहे, आणि नवजात बाळाला घरीच कसं वाचवायचं याची तिथं तयार झालेली पद्धत जगभर अभ्यासली गेली. धानोऱ्याच्या अलीकडं मेंढा-लेखा. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, असं म्हणणारं हे गोंड गाव. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं, आणि २०११ मध्ये गावानं स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकला. एक रुपया जास्त न देता, साध्या गाडीच्या खिडकीतून इतकं दिसतं. तिकीट काढून बसलेल्या बहुतेकांना ती फक्त रोजची वाट असते, आणि ते बरंच आहे.

आलापल्लीहून दक्षिणेला निघालं की सागाचं जग सुरू होतं. आलापल्लीजवळ ग्लोरी ऑफ आलापल्ली म्हणून राखलेला एक लहानसा वनखंड आहे, उंचच उंच जुने साग असलेला. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पुढं रेपनपल्लीच्या फाट्यावरून आत कमलापूरला वन खात्याचा हत्ती कॅम्प. आणि सुमारे शंभर किलोमीटरनंतर सिरोंचा. या रस्त्याची अवस्था अनेक वर्षं इतकी वाईट राहिली आहे की शंभर किलोमीटरला वेळ किती लागेल ते ऋतू ठरवतो. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. गावात तेलुगू सहज बोलली जाते. पुलापलीकडं तेलंगणाचं कालेश्वर. दुसऱ्या बाजूला इंद्रावतीच्या पुलापलीकडं छत्तीसगड. स्टँडवर तीन राज्यांची माणसं, आणि नाश्त्याला इडली मिळते. तिकडं वरोरा-चंद्रपूरकडं स्टँडवर तर्री घातलेला आलूबोंडा आणि पोहे. एकाच महामंडळाच्या मार्गावर नाश्ता कुठं बदलतो ते पाहत गेलात तर भाषेची सीमा कुठं आहे ते बरोबर कळतं.

याच रस्त्यांनी आणि बल्लारशाहच्या स्टेशनातून दरवर्षी मिरची तोडायला माणसं तेलंगणात जातात. धान निघालं, घरी काम उरलं नाही, की मूल, पोंभुर्णा, गोंडपिपरी, चामोर्शीकडची कुटुंबंच्या कुटुंबं भांडीकुंडी घेऊन निघतात. काही महिने शेतावर राहतात, मजुरीत पैसे आणि घरापुरती मिरची घेऊन परततात. त्यांच्या गाडीतही हसणं असतं, पोरं खिडकीशी भांडतात. पण शाळेतून उठवलेली पोरं त्याच गाडीत असतात, हे विसरून त्या प्रवासाचं कौतुक करता येत नाही.

शाळेचा विषय निघाला आहे तर पोरींच्या निळ्या गाडीबद्दल सांगायलाच हवं. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांना निळ्या रंगाच्या बसगाड्या मिळाल्या, मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी, बारावीपर्यंत मोफत. गडचिरोलीत आणि चंद्रपूरच्या आतल्या तालुक्यांत या गाड्यांनी काय केलं? सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावात असली की मुलगी घरी बसायची. रस्ता जंगलाचा, वाघाचा, पायी पाच-सात किलोमीटरचा. गाडी आली तेव्हा आईबापांनी हो म्हणायला सुरुवात केली. संध्याकाळच्या निळ्या गाडीत जा. वेण्या, दप्तरं, गृहपाठाची अदलाबदल, कुणाच्या तरी मोबाइलवरचं गाणं, आणि कुणालाच घाई नाही. घरी गेल्यावर पाणी भरायचं, भाकरी थापायची, लहान भावंडं सांभाळायची. त्या पोरींच्या दिवसातला स्वतःचा असा वेळ बहुधा गाडीतलाच.

पावसात या सगळ्याला खीळ बसते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम. गावात शिरण्याआधी पर्लकोटेचा पूल. इंद्रावतीला फुगवटा आला की पर्लकोटेचं पाणी चढतं, पूल बुडतो आणि भामरागड तालुका जगापासून तुटतो. गाडी अलीकडं हेमलकशाला किंवा त्याहून मागं थांबते. हेमलकशाला बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ ला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथं राहायला आले, तेव्हा पावसाळ्याचे महिने म्हणजे संपर्कच नाही अशी स्थिती होती. रुग्ण खाटेवर घालून, खांद्यावरून, दोन-दोन दिवस चालत आणले जायचे. रस्ता आणि गाडी नसण्याची किंमत कशात मोजतात, हे त्या दवाखान्याच्या पहिल्या वर्षांनी पाहिलं.

आणि नदीखेरीज दुसरीही अडचण होती. नक्षल चळवळीची दशकं. रस्ते उखडले गेले, झाडं आडवी पाडली गेली, बांधकामाची वाहनं जाळली गेली. जुलैच्या अखेरीचा शहीद सप्ताह आणि डिसेंबरचा सप्ताह आला की आतल्या मार्गांवरची वाहतूक थंडावायची. मुक्कामी गाड्यांना त्याचा पहिला फटका बसला, कारण रात्री जंगलातल्या गावात सरकारी गाडी आणि दोन सरकारी माणसं ठेवायची कुणाच्या हिमतीवर? गाड्या दिवसाउजेडी परतू लागल्या. गावं मात्र तिथंच होती.

आनंदाचे दिवस सांगायचे तर जत्रेचे. महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याची जत्रा भरते. वैनगंगा तिथं उत्तरेकडं वळते आणि काठावर जुन्या दगडी देवळांचा समूह आहे. एस.टी. जादा गाड्या सोडते. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा, आणि तिला नांदेड-परभणीकडून मराठवाड्याची माणसं येतात, पोतराज येतात, रेल्वेचे डबे भरून. ऑक्टोबरच्या मध्यात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं उतरतात. १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेब आंबेडकरांनी इथं दीक्षा दिली होती. या तिन्ही दिवसांत गाडीतला माणूस पाहावा. रोजचा प्रवासी खिडकीबाहेर पाहतो, यात्रेचा प्रवासी आतल्या माणसांकडं पाहतो.

चंद्रपूर आणि बल्लारशाहच्या रेल्वे स्टेशनांवर भिंतीभर वाघ, पक्षी, जंगल आणि लोकजीवन रंगवलेलं आहे. २०१८ मध्ये भारतीय रेल्वेच्या सुंदर स्टेशनांच्या स्पर्धेत या दोन स्टेशनांना पहिलं बक्षीस मिळालं. दिल्ली-चेन्नई मार्गावरून धावणाऱ्या लांबच्या गाड्यांतले प्रवासी बल्लारशाहला चहासाठी उतरतात आणि भिंतीपाशी फोटो काढतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात चिचपल्लीच्या जंगलात चांदा फोर्ट-गोंदिया लाइनवर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली मेले. ही दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात लिहिणं भाग आहे. त्या लाइनवर रात्री गाड्यांचा वेग उतरवण्याचा आग्रह वन्यजीव अभ्यासक धरतात. प्रवासाला थोडा जास्त वेळ लागेल. लागू द्यावा.

एस.टी.च्या कारभारात एक शब्द सतत येतो, भारमान. गाडीच्या जागांपैकी किती भरल्या त्याचं प्रमाण. भारमान कमी तो मार्ग तोट्याचा, आणि तोट्याचा मार्ग बंद करण्याच्या यादीत. पुणे-नाशिकच्या गाडीला हे माप ठीक आहे. धानोऱ्याच्या आतल्या गावाला जाणाऱ्या गाडीत बारा माणसं असतील, तर ती बारा माणसं म्हणजे त्या दिवशी बाहेर जाऊ शकणारं सगळं गाव असतं. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्यांच्या मागण्यांमागची ओढाताण खरी होती. शहरात तेव्हा लोकांनी दुसरी सोय शोधली. इथं आतल्या गावांत कॉलेजची पोरं महिनोन्‌महिने गेलीच नाहीत, काही परत गेलीच नाहीत. ते नुकसान भारमानाच्या कुठल्याही तक्त्यात येत नाही.

अलीकडची दोन-तीन वर्षं मात्र वेगळी आहेत. १ जानेवारी २०२५ ला एटापल्ली तालुक्यात गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी हा ३२ किलोमीटरचा रस्ता खुला झाला आणि अहेरीहून गर्देवाड्याला पहिली एस.टी. गेली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस त्या गाडीत बसले. स्वातंत्र्याला ७७ वर्षं झाल्यावर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये धानोरा तालुक्यातल्या कटेझरीला पहिल्यांदा गाडी आली, गावानं वाजतगाजत तिचं स्वागत केलं. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक या रस्त्यांवर आधीच धावत होते. खनिज बाहेर यायला रस्ता लवकर झाला आणि माणसाला आत जायला गाडी उशिरा मिळाली, हा क्रम नोंदवून ठेवायला हवा.

आता गाडी सुरू झाली की पुढचा प्रश्न वेळेचा येतो. दुपारी बाराला येऊन साडेबाराला परतणाऱ्या गाडीनं तालुक्याचं ऑफिस गाठता येत नाही, शाळा गाठता येत नाही, सात्या विकता येत नाहीत. सकाळी सहाला गावातून निघायचं असेल तर गाडी आदल्या रात्री गावात हवी, आणि त्यासाठी चालक-वाहकाला झोपायला दाराची कडी लागणारी खोली, पंखा, मच्छरदाणी आणि संडास हवा. एका मुक्कामी गाडीला लागणारा खर्च एवढाच आहे: एक खोली. ग्रामपंचायतीनं ती बांधून द्यावी, महामंडळानं गाडी द्यावी. ज्या गावांत रस्ता नुकताच पोचला आहे तिथं या खोलीची मागणी ग्रामसभेच्या ठरावात पहिल्या क्रमांकावर यायला हवी, आणि ठराव घेऊन आगारात जाणाऱ्यांत गावातल्या बाया आणि बारावीच्या पोरी असायला हव्यात, कारण ती गाडी सगळ्यात जास्त त्यांच्याच उपयोगाची आहे.